कॉम्प्रेसर अनलोडच होत नाही आणि बिल वाढत चाललंय: मोठा कॉम्प्रेसर घेण्याआधी काय काय बघायचं

बडोद्याजवळ मकरपुऱ्यात, पोर-रमणगामडीला, मंजुसरला, कुठल्याही छोट्या-मध्यम कारखान्यात गेलो की ही तक्रार ठरलेली. कॉम्प्रेसर दिवसभर लोडवर (म्हणजे हवा भरत; प्रेशर पूर्ण झालं की हवा भरणं थांबून मोटर नुसती फिरते ते अनलोड), शेवटच्या मशीनला हवा पुरत नाही, लाइट बिल वाढलंय, आणि शेठनी नव्या मोठ्या कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवून ठेवलेलं. एकदा दुरुस्त करून दिलं तरी सहा-आठ महिन्यांनी परत तेच. मी मेन्टेनन्सचंच काम करतो आणि हा एकच फॉल्ट इतक्यांदा काढलाय की आता कुठल्या क्रमाने बघायचं ते डोक्यात पक्कं बसलंय, ते इथे सगळं लिहितो. उदाहरणं २५ एचपीच्या स्क्रू कॉम्प्रेसरची देतोय कारण आपल्याकडे तो सगळ्यात जास्त दिसतो, पिस्टनवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू आहे.

लक्षणं काय असतात

कॉम्प्रेसर लोड झाला की तासन् तास अनलोडला जात नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद असताना सुद्धा दर दोन-तीन मिनिटांनी लोड होतो. टाकीवर साडेसात किलो प्रेशर (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) दिसतंय पण लांबच्या मशीनच्या एफआरएलवर (मशीनआधीचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) जेमतेम पाच. रात्री टाकी भरून गेलात तर सकाळी काटा शून्यावर. प्रॉडक्शन तेवढंच पण युनिट वाढलेत. उन्हाळ्यात ऑइल टेम्परेचर वाढून ट्रिप होतो. पावसाळ्यात एअर गनमधून पाणी येतं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर पुढचं वाचा. फक्त एकच असेल, समजा नुसता टेम्परेचरवर ट्रिप होतोय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर सरळ खाली खोलीच्या गरमीबद्दल लिहिलंय तिथे जा.

आधी बिल, पण रुपये नाही युनिट

बिल घेऊन बसा आणि फक्त युनिट बघा. एमजीव्हीसीएलच्या (इथली वीज कंपनी) बिलात एफपीपीपीए असतो, म्हणजे फ्युएलचा चार्ज, तो बदलत राहतो, वर ड्युटी, त्यामुळे रुपये वाढले म्हणजे वीज जास्त जळली असं नसतं. मागच्या वर्षीचा तोच महिना काढा, युनिटला त्या महिन्यातल्या प्रॉडक्शनने भागा, किलोवर असेल तर किलो, नगावर असेल तर नग. तो आकडा वाढला असेल तरच खरा फॉल्ट आहे. मग कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर रनिंग अवर आणि लोड अवर असे दोन आकडे असतात ते लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. रनिंग आणि लोड जवळजवळ सारखेच वाढले म्हणजे बिचारा मोटर पूर्ण वेळ पूर्ण ताकदीने ओढतोय. याला पैसा लागत नाही आणि पुढे सुधारणा झाली की नाही हे याच आकड्यावरून कळणार आहे, म्हणून हे टाळू नका.

दोन मिनिटांची टेस्ट, फॉल्ट आत की बाहेर

टाकीच्या पुढचा मेन व्हॉल्व्ह बंद करा (अर्थात प्रॉडक्शन बंद असताना) आणि बघा. कॉम्प्रेसर झटकन प्रेशर बनवून अनलोडला गेला आणि तिथेच थांबला तर कॉम्प्रेसर बरा आहे, हवा बाहेर लाइनीत जातेय. व्हॉल्व्ह बंद असूनही अनलोड होत नसेल किंवा लगेच लगेच परत लोड होत असेल तर फॉल्ट आतल्या बाजूला आहे, टाकीचा ड्रेन (साठलेलं पाणी काढायचा नळ), सेफ्टी व्हॉल्व्ह, किंवा कॉम्प्रेसर स्वतः. ड्रायर (हवेतली ओल काढणारा) टाकीच्या आधी बसवला असेल तर त्याचा ड्रेन पण याच बाजूला धरा. बहुतेक वेळा फॉल्ट बाहेरचाच निघतो आणि ही एवढी टेस्ट न करता लोक थेट कॉम्प्रेसर खोलायला बसतात, त्यात अख्खा दिवस जातो, म्हणून हे आधी.

आता लीकेज मोजा

शिफ्ट सुटल्यावर मेन व्हॉल्व्ह चालू, सगळी मशीनं बंद, एकही गन वापरायची नाही. कॉम्प्रेसर चालू करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने बघा किती सेकंद लोड राहतो आणि किती सेकंद अनलोड. पाच-सहा फेऱ्या घ्या, सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ, गुणिले शंभर, ते तुमचं लीकेज टक्क्यात. समजा लोड ९० सेकंद, अनलोड २१० सेकंद, तर ९० भागिले ३००, म्हणजे ३० टक्के. कॉम्प्रेसर जेवढी हवा बनवू शकतो त्याच्या तीस टक्के हवा कुठलंही काम न करता जातेय. चांगल्या ठेवलेल्या कारखान्यात हे दहाच्या खाली असतं, आणि वीस-तीस म्हणजे काही अपवाद नाही, बऱ्याच ठिकाणी तेवढंच निघतं. व्हीएफडीवाला (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा) कॉम्प्रेसर असेल तर ही पद्धत चालणार नाही, त्यात तो स्पीड कमी करत राहतो, तिथे कॉम्प्रेसर बंद करून टाकीचं प्रेशर सातवरून सहावर यायला किती वेळ लागतो ते मोजा आणि दर महिन्याला त्याच्याशीच तुलना करा.

पैशात सांगतो कारण शेठला टक्के सांगून फरक पडत नाही. २५ एचपीचा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर साधारण २० किलोवॉट ओढतो. तीस टक्के लीकेज म्हणजे ६ किलोवॉट वाटतं, पण सगळे सहा वाचत नाहीत, हे लोक सांगत नाहीत आणि मग बिल आलं की भांडण होतं. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असताना पण पूर्ण लोडच्या २५ ते ४० टक्के वीज खातोच. त्यामुळे खरी बचत चार किलोवॉटच्या आसपास धरा. दिवसाला १२ तास, महिन्याला २६ दिवस, झाले तेराशेच्या आसपास युनिट, समजा ८ रुपयांनी युनिट पडत असेल तर दहा हजार रुपये महिना. आणि कंट्रोलरमध्ये ऑटो स्टॉपचा टायमर असतो, म्हणजे इतकी मिनिटं सलग अनलोड राहिला तर मोटर बंद, तो चालू आहे का बघा, तो चालू असेल तर राहिलेल्या दोन किलोवॉटमधले पण थोडे वाचतात. मोटर तासाला किती वेळा चालू-बंद झालेली चालते ते मॅन्युअलमध्ये बघून मगच टायमर लावा.

लीकेज शोधायचं कसं आणि कुठे

कान आणि साबणाचं पाणी, एवढंच. मशीनं बंद असतात तेव्हा शांततेत लाइनीबरोबर चालत जा. फुसफुस ऐकू आली की भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा, फुगे आले की खडूने किंवा लाल टेपने खूण करा. आवाज न येणारी लीकेज पण असतात म्हणून जॉइंटवर पाणी लावत लावतच जायचं. हात लावून लीकेज शोधू नका, प्रेशरची हवा कातडीत शिरली तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं.

मेन पाइप क्वचितच लीक असतो. लीकेज असतं ते शेवटच्या पाच-सहा फुटांत, मशीनजवळ. क्विक कपलरचं आतलं रबर झिजलेलं, नळीची क्लिप ढिली, पीयू ट्यूब ब्लेडने तिरकी कापून पुश फिटिंगमध्ये घुसवलेली (ही सरळच कापायची, त्याचं कटर मिळतं, फार महाग नसतं), जॉइंटला टेफ्लॉन टेप उलट्या बाजूने गुंडाळलेली, सिलेंडरचं सील गेलेलं आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येतेय. बंद पडून असलेलं जुनं मशीन बघायला विसरू नका, वर्षभर कुणी हात लावलेला नाही पण त्याची लाइन चालूच, त्याला वेगळा बॉल व्हॉल्व्ह लावून बंद करून टाका. अंदाज यावा म्हणून सांगतो, सात किलोवर ३ मिलिमीटरचं एक भोक ३ किलोवॉटच्या आसपास वीज खातं. ३ मिलिमीटर म्हणजे काय, अर्धवट तुटलेलं एक कपलर.

यातली सगळ्यात जास्त हवा मात्र बहुतेक वेळा जाते ती मुद्दाम उघड्या ठेवलेल्या ड्रेनमधून, त्यावर जरा जास्त लिहितो.

एका प्रेस शॉपमध्ये सगळं लीकेज बंद केलं, टेस्ट घेतली तर आकडा हलायला तयार नाही. परत चालत गेलो. शेवटच्या प्रेसच्या मागे एफआरएलच्या वाटीखालचा ड्रेन पाव फेरा उघडा, त्याला चिंधी बांधलेली म्हणजे आवाज होऊ नये, आणि खाली जमिनीवर ओल. मी बंद केला तर ऑपरेटर धावत आला, मराठीच मुलगा, म्हणाला, "काका तो बंद नका करू, बंद केला की जॉबवर पाणी उडतं, साहेब ओरडतात." पुढच्या मशीनला तेच, त्याच्या पुढच्याला तेच, सगळ्यांना चिंध्या. त्या मुलाचं काही चुकलेलं नव्हतं. टाकीखालचा ऑटो ड्रेन गंजाच्या कचऱ्याने जाम झालेला, टाकीत पाणी साठून ते लाइनीत येत होतं, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्यावर उपाय काढला होता. ऑटो ड्रेन साफ केला, गाळणी बदलली, मग त्या मुलाला सोबत घेऊन एकेक ड्रेन बंद केला आणि संध्याकाळपर्यंत पाणी येत नाही हे त्याला दाखवलं. त्याच्यासमोर केलं म्हणून ते ड्रेन बंद राहिले. नुसतं बंद करून निघून आलो असतो तर दुसऱ्या दिवशी परत उघडले असते.

पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत २५चा कॉम्प्रेसर तासाला दोन-तीन लिटर पाणी सहज सोडतो, ते कुठून तरी बाहेर पडणारच. म्हणून जून लागायच्या आधी टाकीचा, ड्रायरचा, फिल्टरचा ड्रेन बघून घ्या. टायमरवाला ड्रेन असेल तर सेटिंग बघा, पावसाळ्यासाठी वाढवलेला वेळ लोक डिसेंबरमध्ये पण तसाच ठेवतात आणि मग पाणी नसताना नुसती हवा सुटते. लेव्हल बघून उघडणारा, हवा न सोडणारा ड्रेन मिळतो, थोडा महाग आहे, पण टाकीखाली तरी तोच लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेशर सेटिंग

लीकेज बंद झालं की मगच हे करा, आधी नाही. हवा पुरत नाही अशी तक्रार आली की कुणीतरी प्रेशर वाढवतं, सातचं साडेसात, मग आठ, आणि ते परत कुणी खाली आणत नाही. इथे दुहेरी नुकसान आहे. एक किलो प्रेशर वाढवलं की वीज सहा-सात टक्के जास्त लागते, आणि प्रेशर वाढलं की त्याच भोकातून हवा पण जास्त जाते. म्हणजे लीकेजमुळे प्रेशर पडतं, प्रेशर पडलं म्हणून वाढवतात, वाढवलं म्हणून लीकेज वाढतं. हा फॉल्ट परत परत येतो त्याचं मोठं कारण हेच.

मशीनच्या प्लेटवर किती प्रेशर लागतं लिहिलेलं असतं, बहुतेकांना साडेपाच-सहा पुरतं. पाव-अर्धा किलो खाली आणा, दोन दिवस चालवा, तक्रार नाही आली तर परत थोडं खाली. एकदम दोन किलो उतरवलंत तर पहिल्या रिजेक्ट जॉबला सगळे तुमच्या नावाने ओरडतील आणि सेटिंग होतं तिथे परत जाईल. एकाच मशीनला जास्त लागत असेल तर त्या एकासाठी छोटा बूस्टर बघा, सगळ्या कारखान्याला आठवर ठेवू नका.

गनने झाडू मारणं

चिप्स उडवायला, जमीन साफ करायला, गरम जॉब गार करायला, आणि उन्हाळ्यात अंगावर वारा घ्यायला एअर गन वापरतात. अंगावरचं तर ताबडतोब बंद करा, डोळा जाऊ शकतो, कान फुटू शकतो. बाकीच्यासाठी छोटा ब्लोअर किंवा साधा ब्रश. कॉम्प्रेसरने ओढलेल्या विजेचा फार थोडा भाग, साधारण दहा-पंधरा टक्के, टूलपर्यंत कामाला पोचतो, बाकी सगळी गरमी होऊन जाते, त्या हवेने जमीन झाडणं परवडत नाही. गन लागणारच असेल तर पुढे नोझल लावा, नुसता उघडा पाइप नको.

फिल्टर आणि खोलीची गरमी

सक्शन फिल्टर काढून बघा, पाच मिनिटांचं काम. तो चोक असेल तर कॉम्प्रेसरला कमी हवा मिळते आणि तेवढ्याच विजेत कमी हवा बनते. फाउंड्री किंवा पावडर कोटिंग शेजारी असेल तर मॅन्युअलमधल्या तासांवर जाऊ नका, डोळ्यांनी बघून बदला.

खोलीबद्दल. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि कॉम्प्रेसर पत्र्याच्या बंद खोलीत, त्याचीच गरम हवा परत त्याच्याच सक्शनला. आत येणारी हवा दर ४ डिग्रीने गरम झाली की साधारण एक टक्का वीज जास्त लागते. टक्का छोटा दिसतो पण ट्रिप होऊन प्रॉडक्शन थांबतं ते वेगळंच. गरम हवेला डक्ट करून बाहेर काढा, सावलीच्या बाजूने, शक्यतो उत्तरेकडून, गार हवा आत यायला जागा ठेवा, कूलरच्या जाळ्या आतल्या बाजूने हवा मारून साफ करा. डक्ट पत्र्याचं काम करणारा कुणीही करून देतो. फक्त डक्ट लांब असेल तर एक्झॉस्ट फॅन लागतो, नाहीतर हवा अडकून टेम्परेचर उलट वाढतं.

प्रेशर कुठे पडतंय

एकच चांगला गेज घ्या आणि तोच ठिकठिकाणी लावून वाचा, टाकीवर, ड्रायरनंतर, लाइन फिल्टरनंतर, शेवटच्या मशीनला. जागोजागचे बसवलेले गेज एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. सगळी मशीनं चालू असताना वाचायचं. फिल्टरच्या आधी आणि नंतर अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर एलिमेंट बदला. लाइनीतच एक किलो पडत असेल तर पाइप बारीक आहे किंवा जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप आतून गंजून भरलाय. जिथे जमेल तिथे लाइन रिंग करा, म्हणजे शेवटच्या मशीनला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. पीव्हीसीचा पाइप हवेला कधीच वापरू नका, स्वस्त पडतो म्हणून लावतात, पण तो फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात.

पाइपचं मोठं काम दिवाळीत ठेवा. लाभपाचमीपर्यंत बहुतेक कारखाने बंदच असतात, लाइन आरामात रिकामी करता येते. अडचण एकच, फिटर पण गावाला जातात, तेव्हा नवरात्रीच्या आधीच माणूस ठरवून ठेवा.

कॉम्प्रेसर खरंच थकलाय का

इथपर्यंत सगळं झालं आणि तरी हवा पुरत नसेल तरच हे. टाकी पूर्ण रिकामी करा, पुढचा व्हॉल्व्ह बंद, कॉम्प्रेसर चालू करून शून्य ते सात किलोला किती सेकंद लागतात ते मोजा. टाकीचे लिटर गुणिले सात, भागिले मिनिटं, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा बनतेय त्याचा अंदाज. ५०० लिटरची टाकी आणि २५चा चांगला स्क्रू असेल तर ७० सेकंदांच्या आसपास भरायला हवी. ९० च्या वर जात असेल तर कॉम्प्रेसरची ताकद वीसेक टक्के कमी झालीय. नवीन कॉम्प्रेसर आला की पहिल्याच आठवड्यात हा आकडा घेऊन खोलीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा, नंतर वाद राहत नाही.

पिस्टनवाला असेल तर आधी बेल्टचा ताण बघा, मग व्हॉल्व्ह प्लेट, मग रिंग. बेल्ट आणि व्हॉल्व्ह चांगला फिटर करू शकतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्क्रूचा एअरएंड (रोटर असलेला, हवा दाबणारा भाग) घरघर करतोय, हवेबरोबर ऑइल येतंय, सेपरेटरचा (हवेतून ऑइल वेगळं करणारा) प्रेशर फरक एक किलोच्या जवळ गेलाय, टेम्परेचर जाळी साफ करूनही १०० च्या वर जातंय, तर कंपनीचा किंवा त्यांचा नेमलेला सर्व्हिस इंजिनिअर. एअरएंड स्वतः खोलू नका, बेअरिंग बसवताना क्लिअरन्स जरा चुकला तर रोटर घासतात आणि मग दुरुस्तीच्या जागी नवा घ्यावा लागतो.

टाकीला गंज, फुगवटा, वेल्डला चीर, किंवा पाझर दिसला तर त्याच क्षणी बंद करून प्रेशर उतरवा. टाकीवर वेल्डिंग करायचं नाही, एम-सील तर अजिबात नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३१ मध्ये प्रेशर प्लँटच्या सुरक्षेचा नियम होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी २०२० चा ओएसएच कोड, म्हणजे कामाच्या जागेच्या सुरक्षेचा नवा कायदा, आलाय), टाकीची तपासणी आणि हायड्रो टेस्ट मान्यताप्राप्त कॉम्पिटंट पर्सनकडूनच. सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल तर तो घट्ट करून आवाज बंद करू नका, तो उडतोय म्हणजे प्रेशर स्विच किंवा सेटिंग बिघडलंय किंवा व्हॉल्व्हच खराब आहे, तिन्हीत कॉम्प्रेसर बंद ठेवूनच माणसाची वाट बघायची.

मोटरचे तिन्ही फेजचे अँपिअर सारखे नाहीत, पॅनलला जळका वास, कॉन्टॅक्टर चिकटतोय, तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन. पॉवर फॅक्टर आणि डिमांडचे प्रश्न वेगळे आहेत, ते लीकेजमध्ये मिसळू नका. सगळं मिळून काही लाखांचं महिन्याचं बिल असेल तर बीईईचा (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर लावा, तो भट्टी, मोटर, लाइट सगळंच मोजेल.

नवा कॉम्प्रेसर घ्यायचाच झाला तर लीकेज दहा टक्क्यांखाली आणल्यावर जी गरज उरते तिच्यावर साइज ठरवा. मोठा घेतला की कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेला लोड) वाढवायला लागू शकते आणि तो चार्ज मशीन चालवा न चालवा भरावा लागतो. हवेची गरज दिवसभर खालीवर होत असेल तर व्हीएफडीचा विचार करा, एकसारखी असेल तर साधाच बरा.

सर्व्हिसवाल्याला फोन करायच्या आधी एवढं कागदावर लिहून ठेवा: रनिंग अवर आणि लोड अवर, लीकेजचे टक्के, लोड-अनलोडचं सेटिंग, तीन ठिकाणचं प्रेशर, टाकी भरायचे सेकंद, ऑइल टेम्परेचर, शेवटचं ऑइल, फिल्टर आणि सेपरेटर कधी बदललं. हे हातात असलं की तो आल्या आल्या कामाला लागतो, आणि जे बदलायची गरज नाही ते बदलून बिल लावणं पण त्याला अवघड जातं.